खर्जातली गळती

पाणीपुरवठा खात्यात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे कानसेनच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. छातीइतक्या उंचीची लोखंडी सळई व्हॉल्व्हवर टेकवायची, वरच्या लाकडी बोंडाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे गळतोय ते सांगायचं. मग रस्त्यावर खडूने फुली मारायची. ज्याने फुली मारली त्याने खोदकाम संपेपर्यंत खड्ड्याशी उभं राहायचं, हा खात्याचा अलिखित नियम होता. पाणी लागलं की मुकादम पहिला चहा त्याच्या हातात देई. कोरडा खड्डा निघाला तर कोणी काही बोलत नसे, आणि ते न बोलणं चार दिवस पुरत असे. कानसेनांचे कोरडे खड्डे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि मोजून दाखवायला ते स्वतःच पुढे असत.

अशा माणसाच्या पुढ्यात यंत्र आलं. खात्याने एका लहानशा कंपनीशी आठ महिन्यांचा करार केला. त्यात खरेदीचा प्रश्न नव्हता, सोबत शिकून पाहायचं होतं. कंपनीने व्हॉल्व्हवर ऐकणाऱ्या डब्या बसवायच्या, खात्याने आपला एक भाग, नकाशे आणि माणसं मोकळी करायची. जमलं तर पुढे, नाही जमलं तर हात जोडून निरोप.

पहिल्या दिवशी मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य अभियंत्यांनी, फळ्यावर एक ओळ लिहिली: ‘चूक सापडली की आधी सांगायची. कोणाची, ते नंतर.’ त्यासाठी त्यांनी एक वहीही सुरू केली. तिच्यात दोन रकाने होते, ‘काय चुकलं’ आणि ‘कोणाचं’. फळ्यावर अशा ओळी कोणीही लिहितं. साहेबांनी ती आठ महिने कोणाला पुसू दिली नाही, याचं कौतुक जास्त.

कंपनीकडून आलेल्या बाई तिशीच्या होत्या, आणि येताना रबरी बूट घालूनच आल्या. चेंबरमध्ये स्वतः उतरायच्या. कानसेनांनी नाक मुरडायची जय्यत तयारी केली होती, ती पहिल्याच सकाळी वाया गेली.

“काका, माझ्या डब्या राहू द्या,” बाई म्हणाल्या. “मला आधी तुमच्या सळईने ऐकायचंय.”

दोन आठवडे त्या सळई घेऊन त्यांच्या मागे फिरल्या. कान दुखेपर्यंत ऐकलं, चुकल्या, हसल्या, पुन्हा ऐकलं. शिकवताना कानसेनांना इतकं बरं वाटलं की बायकोने घरी विचारलं, “आज काय, बढती मिळाली की काय?”

मग डब्यांची शिकवणी सुरू झाली. डब्यांना आवाज टिपता येई, अर्थ लागत नसे. मीटर दुरुस्तीच्या खोलीत हेडफोन लावून कानसेनांनी चारशे बारा आवाज ऐकले. प्रत्येकाला एक शब्द द्यायचा होता: गळती, रहदारी, वापर, मोटर. बाई तो शब्द टिपून घेत. काका म्हणतील ती पूर्व दिशा. कानसेनही रंगात आलेले. पडद्यावर जागेचं नाव दिसलं की आवाज संपायच्या आत बोलून मोकळे होत.

“हा छापखान्याचा कोपरा ना? मोटर. पुढचं लावा.”

चार महिन्यांत यंत्राने चौदा गळत्या धरल्या. त्यांतल्या सहा तर कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. मुकादमाने तोंडात बोटं घातली. पण पहाटेचा आकडा हलेना. गाव झोपलेलं असताना नळांत जे पाणी शिरतं ते बहुतेक गळतीचंच, म्हणून खातं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. तो थोडा उतरला आणि हट्टी म्हशीसारखा बसून राहिला. कुठेतरी पाणी मुरत होतं, अगदी शब्दशः.

साहेबांनी सरळ सांगितलं, “शुक्रवारी वर बैठक आहे. आकडा हलला नाही, तर पुढे चालू ठेवा असं मला कोणत्या तोंडाने सांगता येईल?”

बाईंनी तीन आठवडे स्वतःचं काम उलटंपालटं करून तपासलं. डोळ्यांखाली काळं आलं.

“चूक माझ्याकडेच आहे, काका,” मंगळवारी त्या म्हणाल्या. “तुमचे शब्द सोडून सगळं तपासलं. त्यांना तर हात लावायचा प्रश्नच नाही.”

बुधवारी सकाळी कानसेन डबा भरून निघत होते.

“अहो, हा फ्रिज किती घुमतोय,” बायको म्हणाली. “दोन दिवस डोकं उठवलंय. कोणाला तरी दाखवा.”

“घुमतोय? बंद आहे तो.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात धरून फ्रिजच्या दारावर ठेवला. दार चांगलंच थरथरत होतं.

“एकतीस वर्षं जगाचे नळ ऐकताय,” ती हसत म्हणाली, “आणि घरातलं...” त्यांचा चेहरा पाहून ती थांबली. “कधीपासून?”

“ठाऊक नाही,” ते म्हणाले.

आता या धंद्यातली एक गोष्ट. बारीक नळ गळला तर शिट्टी घालतो, ती बारीक शिट्टी कानसेनांना अजून लख्ख ऐकू येत होती. मोठा नळ खर्जात बोलतो. मोटरही खर्जातच घुमते. दोन्हींतला फरक ओळखायला खालचे सूर ऐकू यावे लागतात. ते येत नसताना माणूस काय करतो? आठवणीने ऐकतो. जागेचं नाव वाचतो आणि तिथे वर्षानुवर्षं जे ऐकलं तेच पुन्हा ऐकू येतं.

कानसेन कचेरीत न जाता छापखान्याच्या कोपऱ्यावर गेले. शटर खाली होतं, कुलपाला गंज चढला होता. शेजारी शिंपी मशीनवर वाकलेला होता.

“छापखाना?” तो म्हणाला. “तो हलून दीड वर्ष झालं, काका. बरं झालं एका परीने, आता माझ्या मशीनचा आवाज मला ऐकू येतो.”

डबीने या कोपऱ्याचा आवाज टिपला होता पाच महिन्यांपूर्वी. मग मोटर कुठली?

ते तिथेच कठड्यावर बसले. शुक्रवारला दोन दिवस होते. गप्प बसलं तर करार संपेल, बाई आपल्या डब्या घेऊन दुसऱ्या गावी जातील, दोन वर्षांनी कानसेन शाल पांघरून, कानाची कीर्ती ऐकत निवृत्त होतील. हा विचार त्यांच्या मनात आला. आला नाही म्हणणं ही थाप होईल. पण त्याच्याबरोबर बाईंचे काळवंडलेले डोळेही आले, आणि ते काही जाईनात. ते उठले.

साहेबांच्या खोलीत बाई होत्याच.

“साहेब, चूक सापडली,” कानसेन दारातूनच म्हणाले.

साहेबांनी वही ओढली. “सांगा.”

“छापखान्याच्या कोपऱ्यावर मी मोटर म्हटलं, ते खोटं आहे. तिथे मोटरच नाही. न ऐकता बोललो.” त्यांनी फळ्याकडे पाहिलं. “कोणाची ते नंतर, हे ठीक. पण नंतर कशाला? माझी आहे. मला खालचे आवाज ऐकू येत नाहीत.”

एकतीस वर्षांचं नाव त्यांनी असं तीन-चार वाक्यांत टेबलावर ठेवलं. असं धैर्य खात्यात रोज दिसत नाही. खरं तर कुठेच दिसत नाही.

बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. थेट लॅपटॉप उघडला. “मोटर असे अडतीस शब्द आहेत, काका. तसं घुमलं की दुर्लक्ष करायचं, हे यंत्र तुमच्याकडून शिकलं.” गुणी विद्यार्थी होतं बिचारं, मास्तरांची चूकही घोकून बसलं होतं. बाईंनी ते अडतीस शब्द पुसले आणि यंत्राला पुन्हा ऐकायला बसवलं. नकाशावर नऊ ठिपके उगवले. सगळ्यांत ठळक ठिपका छापखान्याच्या कोपऱ्यावर होता.

दुपारी खोदणारे जमले. कानसेनांच्या चुकीची बातमी आधीच पोचली होती, म्हणून सगळे त्यांची नजर चुकवून रस्त्याकडे बघत होते. बाईंनी खडू पुढे केला.

“मी कसा मारू?” कानसेन म्हणाले. “मला ऐकू येत नाही.”

“येईल.” बाईंनी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. “तोच आवाज आहे. खालचे सूर वर चढवलेत, तुमच्या कानाला पोचतील इतके. ऐका.”

त्यांनी डोळे मिटले. मोटर एका ठेक्यात चालते. हा आवाज ठेका धरत नव्हता. तो पसरत होता, दम घेत होता, पुन्हा पसरत होता. कित्येक वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता, आणि ऐकत नाही हेही त्यांना कळलं नव्हतं.

“गळती,” ते म्हणाले. “मोठी आहे.”

फुली मारून ते खड्ड्याशी उभे राहिले. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कमरेइतकं खोदलं, माती कोरडी. छातीइतकं खोदलं, तरी कोरडीच. कोणी काही बोलेना, आणि ते न बोलणं कानसेनांना चांगलं ओळखीचं होतं. मग खालून खोदणाऱ्याचा आवाज आला, “चिखल लागला,” आणि पुढच्या घावाबरोबर त्याच्या बुटांभोवती पाणी भरलं.

मुकादमाने चहा आणला. पेला कुणाच्या हातात द्यावा या विचारात तो क्षणभर घुटमळला, मग जाऊन दुसरा पेला भरून आणला. पहिला चहा दोघांना, असं खात्यात पूर्वी झालं नव्हतं.

गुरुवारी तो नळ दुरुस्त झाला, आणि शुक्रवारी पहाटेचा आकडा असा खाली आला की साहेबांना वरच्या बैठकीत फारसं बोलावंच लागलं नाही. करार वाढला. उरलेले सदतीस आवाज कानसेनांनी चढवलेल्या सुरांत पुन्हा ऐकायचे ठरले.

बैठकीनंतर वही टेबलावर उघडीच होती. कानसेनांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. सव्वीस चुका टिपलेल्या होत्या, आणि ‘कोणाचं’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. त्यांच्या चुकीपुढेही.

“पेन द्या,” ते म्हणाले.

“गरज नाही,” साहेब म्हणाले.

“मला आहे.”

त्यांनी त्या कोऱ्या चौकटीत आपलं नाव लिहिलं, टोपणनाव नव्हे, खरं. बाईंनी त्यांच्या हातून पेन घेतलं आणि खाली आपलं लिहिलं. “मी तुमचे शब्द तपासले नाहीत,” त्या म्हणाल्या. “मान ठेवला. तो आळस होता.”

साहेबांनी खणातून एक कागद काढला. छापखान्याने नळजोड तोडण्यासाठी केलेला अर्ज, दीड वर्षापूर्वीचा, याच खात्याला दिलेला. “हा काल माझ्याच कपाटात सापडला,” ते म्हणाले आणि पेनासाठी हात पुढे केला. चौकटीत जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी आपलं नाव समासात लिहिलं.