पलीकडच्या काठावरचा दिवा

"दिव्याचं तेवढं सोडून बोल, पोरी," केर्तूआजी म्हणाली होती. "त्या दिव्यानेच मी बोलते. तो दिसला नाही तर समजायचं, म्हातारीचं बोलणं थांबलं."

मारेट हसली होती. "आजी, बोलायला फोन आहे की."

"फोन असतो टेबलावर. मी कुठे पडले ते त्याला काय ठाऊक?"

"तुम्ही कशाला पडताय? आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल."

नोव्हेंबरातली गोष्ट. दूर उत्तरेतल्या इनारीच्या तळ्याचा एक अरुंद फाटा गावामागे शिरतो. त्याच्या अलीकडच्या काठावर मारेट आणि तिचा नवरा ओत्सो यांच्या, पर्यटकांसाठी बांधलेल्या काचेच्या छपराच्या चार खोल्या, पलीकडे एकट्या केर्तूआजीचं लाल घर. मधे गोठलेल्या पाण्यावरून सहाशे पावलं. आजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सात दिव्यांची कमान असायची. लोक ती नाताळापुरती लावतात. आजी मात्र हिवाळ्यात सूर्य पार बुडून उगवेनासा झाला की लावायची, ती जानेवारीत तो परत वर येईपर्यंत. दुपारी थोडा वेळ आभाळ निळसर व्हायचं, तेवढाच वेळ बंद. दोन वाजले की पुन्हा सात ठिपके. ओत्सोची आई जिवंत असताना सकाळी कॉफी ठेवायच्या आधी ते ठिपके बघायची. "उठली केर्तू," म्हणायची आणि मगच पातेलं चुलीवर चढवायची.

मारेट तांपेरे शहरातून लग्न होऊन आलेली, पर्यटनाची पदवी घेतलेली. तिला ते ठिपके दिसत ते पाहुण्यांच्या फोटोंत. नॉर्दर्न लाइट्स बघायला लोक अर्धी पृथ्वी ओलांडून येणार आणि हिरव्या झोताखाली पिवळा डाग घेऊन घरी जाणार. 'समोरच्या दिव्याने सगळी मजा घालवली,' असं एकाने लिहिलंही होतं. आजी दिवा विझवायला तयार नव्हती, म्हणून तिने जाड काळ्या कापडाचा पडदा शिवला, लाल फीत बांधली आणि नाताळाची भेट म्हणून आजीला नेऊन दिला. आजीने तो हातात तोलून पाहिला. "वजनदार आहे," एवढंच म्हणाली.

डिसेंबरची वीस तारीख उजाडली, म्हणजे जेवढी उजाडते तेवढी. उणे बावीस, आभाळ धुतल्यासारखं. ओत्सो आधीचे पाहुणे सोडायला विमानतळावर गेलेला. त्यांची चार वर्षांची लेक हेल्का सकाळपासून आजीकडे आल्याची बिस्किटं करत होती. तिला सोडताना मारेटने नेहमीप्रमाणे तिची कोटाची चेन दोनदा तपासली, हातमोज्यांची दोरी ओढून पाहिली. झोपेतसुद्धा लेकीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती. ओत्सो चिडवायचा, "तिला मोठी झाल्यावर नवराही तूच तपासून देशील."

तीन वाजता मारेट गरम मसालेदार रसाचा हंडा घेऊन काठावर आली. समोर पाहिलं. खिडकी काळी होती.

ऐकलं म्हातारीने, तिच्या मनात आलं. लावला पडदा. तिला इतकं बरं वाटलं की उद्या आजीला केक नेऊन द्यायचं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

साडेचारच्या सुमारास टेकडीमागून हिरवी रेघ निघाली, वाकली आणि बघता बघता अर्धं आभाळ तिने झाकलं. चारही खोल्यांतले आठ पाहुणे शेकोटी सोडून बर्फावर उतरले. हॅरल्ड नावाचे निवृत्त दंतवैद्य तिपाईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. ते खुशीत म्हणाले, "काय जागा निवडलीत तुम्ही. समोर दिवा नाही, काही नाही. चिमणीचा धूरसुद्धा नाही."

मारेटने समोरच्या छपराकडे पाहिलं.

पडदा दिवा झाकतो. धूर झाकत नाही.

उणे बावीसमध्ये केर्तूआजी चूल विझू देत नाही. घरात पोर असताना तर नाहीच.

ती धावली. मागून कुणी तरी विचारत होतं, काय झालं. बर्फाचा वरचा पापुद्रा फुटून पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता, ती पडत होती, उठत होती. हिरव्या उजेडात सगळा फाटा लख्ख दिसत होता आणि त्या उजेडाचा तिला संताप येत होता. हेल्का, हेल्का, एवढंच आत चाललं होतं. सहाशे पावलं संपेचनात.

दार उघडंच. चुलीत राख. टेबलावर लाटलेलं पीठ, त्यात हेल्काने कापलेले तारे आणि डुकरं, तीही कडक झालेली. खुंटीवर दोघींचे कोट नव्हते. खिडकीपाशी काळा पडदा होता, घडी केलेला, लाल फीतही न सोडलेला. त्यावर मांजर झोपलं होतं.

दिवा झाकलेला नव्हता. तो लागलाच नव्हता.

"हेल्का!" तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. मागच्या अंगणात दोन माणसांच्या पावलांच्या खुणा लाकडांच्या खोपीकडे गेल्या होत्या, एक मोठी, एक इवली. परतीची एकही नव्हती.

खोपीच्या उंबऱ्याआड केर्तूआजी लाकडांच्या ढिगाला टेकून पडली होती. एक पाय नको त्या दिशेला वळलेला. अंगात नुसता लोकरी सदरा, कारण कोट हेल्काभोवती होता आणि हेल्का तिच्या पोटाशी. मारेटने लेकीच्या नाकापाशी बोट धरलं. बोट बधिर झालेलं, काही कळेना. मग आपले ओठ तिथे नेले.

श्वास कोमट लागला.

"आई, किती उशीर केलास," हेल्का झोपाळल्या आवाजात म्हणाली. "आजी म्हणाली, दिवा नाही दिसला की तुझी आई लगेच येईल. ती सगळं बघते."

केर्तूआजीच्या पापण्यांवर दव गोठलं होतं. ओठ हलले. "पोरीला आधी ने."

तिने हेल्काला उचलून घरात आणलं, सगळी पांघरुणं तिच्यावर घातली, मांजर तिच्या पोटाशी कोंबलं. स्वतःचा फोन थंडीने मेला होता. आजीचा टेबलावर होता, आजी म्हणाली होती तसा. रुग्णवाहिकेला एक तास लागणार होता. आजीला एकटीने उचलणं अशक्य होतं, ओढलं तर मोडका पाय आणखी मोडणार.

तिने खिडकीतली कमान लावली.

पाहुण्यांच्या काठावरून लगेच आवाज आला, "लाइट! लाइट बंद करा!"

तिने बंद केली. पुन्हा लावली. बंद, चालू, बंद, चालू. कुणी तरी वैतागून शीळ घातली. ती कळ दाबत राहिली, दाबता दाबता रडू लागली. आणि मग बर्फावर एक टॉर्च हलला. हॅरल्ड तिपाई टाकून निघाले होते, मागून बाकीचे. त्यांनी काळा पडदा पसरला, त्यावर आजीला घेतलं आणि सहा जणांनी कडा धरून आत आणलं. कापड जाड होतं. फाटलं नाही.

मार्चमध्ये केर्तूआजी परतली, डाव्या पायाची चार बोटं रुग्णालयात ठेवून. वृद्धाश्रमाचं नाव काढणाऱ्या ओत्सोला तिने दारातूनच परत पाठवलं. मारेटला म्हणाली, "पडदा चांगला शिवलास हो. मांजरीला दुसरा दे."

"आजी, मी त्या दिवशी तीन वाजताच बघितलं होतं," मारेट म्हणाली. "काळोख बघितला, आणि मला बरं वाटलं."

आजीने रिकामा कप पुढे सरकवला. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "तीन वाजता तू रस घेऊन काठावर असतेस. खोपीच्या फटीतून शेकोटी दिसत होती."

कॉफी ओतायला मारेटच उठली.

आता मारेटच्या चारही खोल्यांत, किटली कशी लावायची आणि बूट कुठे वाळवायचे हे सांगणारा जो कागद असतो, त्याच्या तळाशी तिने हाताने लिहिलंय:

'समोरच्या काठावर पिवळा दिवा आहे. तो तुमच्या फोटोत येईल. तो विझवायला मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण दुपारी दोननंतर कधी समोर काळोख दिसला, तर आभाळ छान दिसतंय म्हणून खूश होऊ नका. मी झाले होते. आभाळ जिथल्या तिथे राहील. आधी सहाशे पावलं चालत जा, दार लोटा, खोपीतही डोकवा, आणि केर्तूआजी बरी आहे का, तेवढं बघून या.'