साबणाला आलेला ताप

कारखान्यातली सगळी शिलाई मशीनं एकदम थांबली. लाईट गेली नव्हती, महाराज आले होते. अख्खा हॉल उठून त्यांच्याभोवती गोळा झाला. कोणी खोकतंय, कोणी शिंकतंय, कोणी शेजारणीच्या खांद्यावरून मान काढून बघतंय. गावभर फ्लूची साथ, आणि आमच्याकडे अस्तराचं कापड उडतं म्हणून खिडक्या कायम बंद. रोगाला याहून चांगलं आवतण काय द्यायचं?

महाराजांची रीत सोपी होती. तापलेल्या माणसाच्या मनगटावर तांब्यातलं मंतरलेलं पाणी ओतायचं, वर पिवळा धागा बांधायचा. बघता बघता धागा लाल.

"ताप धाग्यात उतरला," महाराज म्हणायचे, की सगळ्यांचे हात जोडलेच.

मग त्यांनी आमच्या ठणठणीत मालकांच्या मनगटावर दुसऱ्या तांब्यातलं पाणी ओतलं. धागा पिवळाच राहिला. झालं, खात्री पटली. कटिंग मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं की सर्दीचं, कळायला मार्ग नव्हता. शेवटी सगळ्यांनी एकाच पेल्यातून तीर्थाचा घोट घेतला, म्हणजे ज्यांना फ्लू नव्हता त्यांचीही सोय झाली. आणि महाराजांची अट अशी, की गोळी घ्यायची नाही, घेतली की धागा रुसतो. रुसतो म्हणे. धागा आहे का जावई?

मालक मात्र खूश. धागा बांधलेली बाई अंगात ताप असला तरी मशीनवर बसते, सुट्टी मागत नाही.

माझी वहिनी तिथेच काजं करते. सातवा महिना. तिचं अंग चुलीसारखं तापलं होतं. आईने, ती तिथेच बटणं लावते, तिला ढकलत सगळ्यात पुढे नेलं आणि धागा बांधून घेतला. मी दवाखान्याचं नाव काढलं तर आई माझ्यावरच उखडली. पोटुशी बाई आहे, डॉक्टर गरम औषधं देतात, तुला काय कळतं, वगैरे. दादा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. सांगू कोणाला?

दुसऱ्या दिवशी वहिनी कामावर आली, पण एक वाक्य सलग बोलू शकेना. दोन शब्द बोलायची, श्वास घ्यायची, पुढचे दोन बोलायची. मी आईला म्हटलं, बघ तरी. आईने वहिनीचं मनगट धरून मला दाखवलं.

"लाल आहे ना? निघतोय ताप."

मी रागाने पाय आपटत नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि ओले हात ॲप्रनच्या खिशात खुपसले. खिशात कापडावर खुणा करायची साबणाची चीप होती आणि महाराजांनी मला पुढेमागे लागेल म्हणून दिलेला धागा होता. हात बाहेर काढला तर धागा लालभडक.

मला ताप नव्हता. मग कोणाला होता? साबणाला?

आणि मग मला माझाच राग आला. शर्टावर हळद सांडते, आपण साबण लावतो, डाग लाल होतो. हे घरात प्रत्येक बाईने पाहिलंय. दिवसभर कपड्यांत बसणारी माणसं आम्ही, आणि हळदीत बुडवलेला दोरा ओळखला नाही.

जेवणाच्या सुट्टीत महाराज पुन्हा आले. मी सरळ पुढे गेले.

"महाराज, माझ्या साबणाला ताप आलाय."

दोघी-तिघी हसल्या. मी त्यांच्याच पिशवीतला धागा उचलला, भिजवला, साबणावर घासला. लाल. महाराज सावरत म्हणाले, साबणातही उष्णता असते, बाळ. मग मी त्यांचा पहिला तांब्या उचलला आणि टेबलावर ठेवलेल्या दुसऱ्या कोऱ्या धाग्यावर ओतला. ना मनगट, ना रोगी. तोही लाल. तांब्याच्या तळाशी पांढरा गाळ होता, बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला. चुना. रोग्याला चुन्याची निवळी, मालकांना नळाचं पाणी.

महाराजांना एकदम दुसरीकडचे भक्त आठवले. पिशवी उचलून निघाले.

मास्तर खोकत खोकत म्हणाले, "शाळा सोडलेल्या पोरीनं आम्हाला शहाणपण शिकवू नये."

"नका शिकू, मास्तर. पण खोकताना तोंडावर कोपर तरी धरा."

मी आईकडे वळले. ती टेबलावरच्या लाल धाग्याकडे बघत होती. दोरे कापायची छोटी कात्री घेतली, वहिनीच्या मनगटावरचा धागा कापला आणि म्हणाली, "रिक्षा बघ."

डॉक्टरबाईंनी वहिनीचा श्वास तपासला, बोटाला यंत्र लावलं आणि तिथेच दाखल करून घेतलं. फ्लूवरचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, असं त्या म्हणाल्या. पोटुशी बाईला दम लागला तर घरी थांबायचंच नाही. फ्लूची लस दरवर्षी निघते, गरोदरपणातही चालते, उलट तेव्हा जास्त गरजेची. आईने विचारलं, ती गरम पडत नाही ना? डॉक्टरबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या दिवशी हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा आला नसावा.

वहिनी वाचली. पोटातलं बाळही नीट आहे, लाथा मारतंय.

कारखान्यात मात्र अर्ध्या मनगटांवर अजून लाल धागे आहेत. आईच्यासुद्धा, तिलाही तेव्हा ताप होता म्हणून बांधलेला. विचारलं तर म्हणते, राहू दे गं, मला बरं वाटतंय. ती बरी झाली कारण फ्लू बहुतेकांचा आपोआपच बरा होतो. धाग्याने नाही, आठवडाभर अंगाने झुंज दिली म्हणून. श्रेय घ्यायला महाराज.

म्हणून सांगते. ताप आला तर घरी पडा, पाणी प्या, झोपा, दुसऱ्याचा पेला तोंडाला लावू नका, हात धुवा, खिडकी उघडा. दम लागला, किंवा घरात पोटुशी, म्हातारं, तान्हं आजारी पडलं, तर डॉक्टर गाठा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी त्याच्या तांब्याच्या तळाशी काय आहे ते बघा.

खिडकी मी उघडलीये. अस्तर उडतंय. उडू दे.