कय्युमभाईंची फौजी ऑर्डर

कनेरगाव नाक्यावर धाबेवाल्यांची एक जुनी रीत आहे. मोठी ऑर्डर आली की तोंडाला कुलूप! देग रिकामी होईपर्यंत शेजारच्या धाब्याला पत्ता लागू द्यायचा नाही. का, तर नजर लागते. आणि नजर नाही लागली तर शेजारी भाव पाडून गिऱ्हाईक पळवतो. आता कोंबडीचा रस्सा उकळला की वास अख्ख्या नाक्यावर जातो, हे काय कुणाला कळत नाही? पण रीत ती रीत.

म्हणून कय्युमभाईंनी ती ऑर्डर आपल्या बायकोला, खुर्शीदबीलासुद्धा कानातच सांगितली. चाळीस जवान. फौजेच्या गाड्या वाशीमकडे चालल्यात, दुपारी जेवायला थांबणार. फोन खुद्द सुभेदारसाहेबांचा, वर्दीतला फोटोही पाठवलेला. खुर्शीदबी हरखली. सकाळपासून तव्यापुढे बसून तिनं भाकरीवर भाकरी थापली. रस्सा कय्युमभाईंनी स्वतः केला, कोंबडी न खाणाऱ्यांसाठी दाळ वेगळी. "कुणाची कुणाची लेकरं हायेत, तिखट जरा बेतानं घाला," असं तिनं नवऱ्याला दोनदा बजावलं.

दुपार झाली. रस्त्यावरून ट्रक गेले, एसट्या गेल्या, सोयाबीनची पोती लादलेले ट्रॅक्टर गेले. फौज काही आली नाही. कय्युमभाई कुठं दिसेनात म्हणून ती मागं गेली, तर ते पाण्याच्या टाकीआड उकिडवे बसलेले. फोन कानाला, आणि तोंडावरचा रंग पार उडालेला.

"व्हय साहेब... करतो साहेब... पण हे शेवटचंच न्हवं?"

"समरीनचे अब्बा, काय करून राहिले?"

"काही न्हाई. तू भाकरी बघ."

"भाकरी झाल्या. खाणारे कुठं हायेत?"

कय्युमभाईंना खोटं कधी जमलंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अजून चोरून विडी ओढली तर स्वतःच येऊन सांगतात. हळूहळू सगळं बाहेर आलं. फौजेचं पेमेंट म्हणे साधं नसतं. आधी आपण स्कॅन करून पाठवायचं, मग तिकडून दुप्पट येतं. "पहिल्यांदा पाच रुपये पाठवले तर दहा आले, खुर्शीद! खरंच आले!" मग सबंध जेवणाच्या बिलाएवढे पाठवायला सांगितले, मग त्याहून कितीतरी जास्त. ते गेले ते गेलेच. आता साहेब म्हणतो, पैसे मधेच अडकलेत, सोडवायला आणखी एकदा स्कॅन करा.

खात्यातले ते पैसे खुर्शीदबीच्या बकऱ्यांचे होते. लेकरासारखे वाढवलेले बोकड तिनं माहेरी, जवळा बाजारच्या बाजारात विकले होते. बोअर मारायचा होता. रोज रस्ता ओलांडून पाणी आणून तिची कंबर गेली होती.

तिनं फोन हिसकला आणि कट केला. लगेच पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. राग असा आला की टाकीवर डोकं आपटावं, आधी नवऱ्याचं, मग आपलं. पण कय्युमभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. चाळीस माणसांची देग एकट्यानं उतरवणारे हात. ते बघून तिचा राग होता तिथंच बसला.

"संपलं खुर्शीद," ते म्हणाले. "उद्यापासून धाबा बंद. परभणीला भावाच्या गॅरेजात चाकात हवा भरीन, पण नाक्यावर तोंड न्हाई दाखवणार. सारी उमर गिऱ्हाईक वळखण्यात गेली, अन् एका चोराला साहेब साहेब करत बसलो."

"हवा मागून भरा. आधी उठा."

मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी एक टेप वाजायची: फसवणूक झाली तर एकोणीसशे तीसवर कळवा. खुर्शीदबी तिला रोज शिव्या द्यायची. "अगं माय, मला माझ्या पोरीशी बोलू दे, मंग उपदेश कर!" पण शिव्या देता देता नंबर पाठ झाला तो झालाच. तोच तिनं लावला. लाईन बिझी. पुन्हा बिझी. तिसऱ्यांदा एका पोरीनं उचलला, हिंदीत बोलणारी, शांत. बँक कोणती, पैसे किती वाजता गेले, मेसेजमधला नंबर काय? कय्युमभाई चष्मा पुसत एकेक आकडा वाचत गेले. पोरीनं तक्रार लिहून घेतली. मेसेज पुसू नका, त्या माणसाचा फोन घेऊ नका, आता लगेच बँकेला कळवून खातं बंद करा आणि आजच ठाण्यात जा, असं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चाचा, आपने जल्दी बताया, बहुत अच्छा किया."

एवढ्या शब्दावर कय्युमभाई ढसाढसा रडले. कुणी मूर्ख म्हणेल याची त्यांनी तयारी केली होती, अच्छा किया याची नव्हती केली.

बँकेतही फोन झाला, खातं बंद झालं. पैसे पुढं कुठं थांबले का, ते नंतर कळणार होतं. येतील, न येतील. खुर्शीदबीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आता प्रेमसिंगभाऊला सांगा."

प्रेमसिंगचा धाबा शेजारीच. दोघांचं तसं बरं, पण गिऱ्हाईकावरून रोजची कुरबुर.

"त्याला काहून? झाकली मूठ सव्वा लाखाची, खुर्शीद. अख्ख्या नाक्यावर हसं होईल."

"मुठीतलं तर गेलं. आता झाकता काय? अन् उद्या त्यालाच असा फोन आला मंग?"

तीच निघाली, तेव्हा कय्युमभाई मागून म्हणाले, "थांब. माझं मीच सांगतो."

प्रेमसिंग बाजेवर बसून चहा पीत होता. त्याच्यापुढं उभं राहून, मान खाली घालून, कय्युमभाईंनी सगळं सांगितलं. फौज, वर्दी, स्कॅन, सगळं. खुर्शीदबी पाठीशी उभी. हा आता हसला तर याच्या चहात मीठ टाकीन, असं तिनं मनात ठरवलंच होतं.

प्रेमसिंग हसला नाही. त्यानं पेला खाली ठेवला.

"पाच पाठवले तर दहा आले?"

"व्हय. तुला कसं माहीत?"

"मलाबी आले व्हते. पोळ्याच्या आधी." तो पेल्याकडं बघत म्हणाला. "पन्नास मानसांचं जेवण. कुणाला कळू नये म्हणून भाकरी गुरांना घातल्या, रस्सा खड्ड्यात वतला. आज सकाळी तुझ्या रस्स्याचा वास आला, कय्युम. तवाच मनात आलं, जाऊन विचारावं, कुणाची ऑर्डर हाय. पण विचारलं असतं तर माझं सांगावं लागलं असतं. म्हणून बसून राहिलो."

खुर्शीदबीच्या डोळ्यांपुढं तिचे बोकड आले. एका शब्दात त्यांचे पैसे वाचले असते! तोंड उघडणार, तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात मिराबाई उभी होती, प्रेमसिंगची बायको. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"पैसे गेले व्हते?" ती म्हणाली. "नुसते पैसे? मानूस जेवंना, झोपंना, हाक मारली तर दचकून राहिला. मला वाटलं, डाक्टरनं काही मोठं दुखणं सांगितलं अन् माझ्यापासून लपवून राहिले. देवाला नवस बोलले मी! रोज यांचा श्वास चालू हाय का बघते." ती मटकन उंबऱ्यावर बसली, आणि हसते की रडते ते तिचं तिलाच कळेना.

खुर्शीदबीचा राग तिथंच विरला. ती जाऊन मिराबाईला बिलगून बसली. गप्प बसलेल्या नवऱ्याशेजारी दिवस कसे काढले असतील या बाईनं, हे तिला आत्ता नीट दिसलं. पैसे परत यायचे असले तर येतील. माणूस असा आतल्या आत गेला असता, तर कुठल्या नंबरावर फोन लावायचा होता?

कय्युमभाईंनी प्रेमसिंगच्या दंडाला धरलं. "ऊठ. ठाण्यात दोघांचीबी तक्रार लिहून येऊ."

"आता काय उपेग? लई दिवस झाले."

"झाले तर झाले. पैशाचं जाऊ दे. पुढच्याला तर कळंल."

दोघं एकाच मोटारसायकलवर निघाले. खुर्शीदबी रस्त्याकडेला बघत उभी राहिली. गाडी हिंगोलीच्या अंगाला वळली आणि पुढच्याच धाब्यापाशी थांबली. कय्युमभाई आधी उतरले. इतक्या लांबून ऐकू काही येत नव्हतं, पण त्यांचे हात दिसत होते: फोन कानाला धरल्याचे, स्कॅन केल्याचे, कपाळावर मारून घेतल्याचे. मान मात्र वर होती. आत बसलेले लोक उठून त्यांच्याभोवती जमत होते. खुर्शीदबीला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

मागं एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"भाभी, धाबा चालू है क्या?"

"चालू हाय," ती म्हणाली. "हात धुवून घ्या."