मार्थाचा दोन बोटं वाढलेला पाय

“वाढला! वाढला! पाय वाढला!”

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत एवढा आरडाओरडा मी आजवर फक्त दहीहंडीला ऐकला होता. आणि हा तर आमच्या चर्चच्या मैदानात चालला होता, संजीवन सभेच्या मांडवात! मुंगीला शिरायला जागा नव्हती. चर्चची माणसं होतीच, पण यावल-रावेरकडची केळीवाली कुटुंबं ट्रॅक्टर भरभरून आली होती. बाजारपेठेतल्या मारवाडी बायका डोक्यावर पदर घेऊन मागे उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळलेल्या.

खुर्चीत माझी मैत्रीण मार्था. तिच्यासमोर पांढऱ्या सफारीतले ब्रदर गिदोन गुडघे टेकून बसलेले, आणि त्यांच्या तळहातांवर मार्थाच्या दोन टाचा. पोलिओ झाल्यापासून ज्या टाचा कधी एका रेषेत आल्या नव्हत्या, त्या आता अगदी पट्टीने आखल्यासारख्या शेजारी शेजारी.

मार्थाची आजी धुरपदाबाई मूळची साक्रीकडची. तिने दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना दाखवत अहिराणीत हंबरडा फोडला, “माय व! मनी नातना पाय वाढना! बठ्ठा देखा रे, बठ्ठा देखा!”

सगळा मांडव रडत होता. आमचे पाळकसाहेब वाघचौरे चष्मा काढून डोळे पुसत होते. माझी आई रडत होती. रडत नव्हते ती मी एकटी. कारण पाय ‘वाढताना’ मी पाहिला होता. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

माझं नाव सुवार्ता. नववीत आहे. गेल्या महिन्यात जळगावला वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले, तेव्हापासून माझं तोंड मिटत नाही असं आई म्हणते. पण बोलायचं कोणाशी? आमचं चर्च गोऱ्या साहेबांच्या काळातलं, आगगाडीच्या फलाटाएवढं लांब. इंग्रजी उपासनेला येणारी शेवटची अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला गेली आणि ती उपासना बंद पडली. मराठी उपासनेत पुढचे चार-पाच बाक भरतात, खांबांच्या मागे धूळ. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायला लागल्यापासून तर घंटा वाजते आणि कॉलनीत एकही दार उघडत नाही. तरुण संघाच्या फळ्यावर झोकात ‘तरुण संघ’ लिहिलंय. तरुण संघ म्हणजे मी आणि मार्था.

पाळकसाहेब वाईट नाहीत, हे आधीच सांगते. रिकाम्या बाकांना उपदेश करून करून माणूस एकटा पडतो. कोणीतरी त्यांना सांगितलं की ब्रदर गिदोन जिथे जातात तिथे मांडव अपुरा पडतो. त्यांनी बोलावलं. आणि मांडव खरंच अपुरा पडला!

काय बोलायचे ते ब्रदर! “हालेलुया म्हणा! अरे, एवढ्या हळू? सैतानाला वाटेल तुम्ही उपाशी आहात! जोरात म्हणा, त्याच्या कानाचे पडदे फाटू द्या!” मागे कॅसिओ वाजायचा. कोणाची पाठ, कोणाचं डोकं, कोणाची नोकरी, सगळं एका फुंकरीत. मग आवाज एकदम मऊ. “आता प्रार्थना. प्रत्येक डोळा बंद. एक जरी डोळा उघडा राहिला तर आशीर्वाद तिथेच अडकतो, ट्रंक कॉल मध्येच कट होतो ना, तसा.”

आमच्याकडे पोराला हात जोडता यायच्या आधी डोळे मिटता येतात. प्रार्थना म्हटलं की पापण्या आपोआप खाली. देवासाठी मिटलेले डोळे कोणी स्वतःच्या सोयीसाठी वापरील, असं आमच्यातल्या कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. पण खुर्चीकडे जाताना मार्थाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. “सुवार्ता, मला भीती वाटते गं. तू माझ्याकडे बघत राहा.” म्हणून मी बघत राहिले.

ब्रदरनी तिचा जाड तळव्याचा बूट आणि पायाला आधार देणारा लोखंडी कॅलिपर काढून बाजूला ठेवला. डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खुर्चीत मागे रेटलं, लोकांना दोन टाचांतलं अंतर दाखवलं, “बघा, केवढा फरक!” मग सगळ्यांचे डोळे मिटवले. प्रार्थना रंगात आली तशी त्यांनी डावी टाच हळूच ओढली आणि उजवी हळूच आत लोटली. मार्थाचा स्कर्ट खुर्चीवर जरासा सरकला. एवढंच. स्कर्ट सरकला तो कशाने, ते मला तेव्हा कळलं नाही.

“डोळे उघडा!” ब्रदर गरजले.

बूट आणि कॅलिपर साक्ष म्हणून मांडवाच्या खांबाला टांगला गेला. टाळ्यांच्या कडकडाटात मार्था ब्रदरच्या दंडाला धरून चार पावलं चालली. लंगडतच चालली, पण कॅसिओच्या तालात लंगडणं ऐकू येत नाही.

आता यात बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. पोरगी खूश, आजी खूश. बिघडलं ते असं. मार्थाच्या डाव्या घोट्यामागची शीर आखडलेली आहे. टाच जमिनीला टेकत नाही, ती चवड्यावर चालते आणि पाऊल वळत चाललंय. शिरपूरला वर्षातून एकदा अपंगांसाठी शस्त्रक्रियेचं शिबिर भरतं. रेल्वे दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिथे तिचं नाव घातलं होतं आणि बजावलं होतं, “यंदाच. पुढच्या वर्षी हाड वळलेलं असेल, मग शीर सोडवून उपयोग नाही.” तिचे वडील पितांबरभाऊ रुळांवर काम करणारे गँगमन. ऑपरेशनला त्यांना कसंबसं तयार केलं होतं. शिबिर पुढच्याच आठवड्यात होतं. आणि आता पितांबरभाऊ हसत म्हणाले, “देवाने जे केलं, त्यावर सुरी कशाला फिरवायची?”

दुसऱ्या दिवशी मार्था शाळेत चपला घालून आली. भिंतीला धरून, चवड्यावर. मधल्या सुट्टीपर्यंत गुडघा सुजला.

धुरपदाबाई तडक ब्रदरकडे गेली. ब्रदरनी डोळे मिटले, मान हलवली. “कोणाचा तरी डोळा उघडा होता. मला तेव्हाच जाणवलं. पण हरकत नाही, पोरीने विश्वास धरावा. दवाखान्याचं नाव काढायचं नाही, नाहीतर उरलेलंही जाईल.”

संध्याकाळी धुरपदाबाई आमच्या दारात. “तुना डोळा उघडा व्हतात! मी देखं!”

“आजी, मग तुमचेही उघडेच होते की!”

“मी देवले देखत व्हती! तू काय देखत व्हती?”

आईने मला मागे ओढलं. पण गोष्ट कॉलनीभर झाली. ब्रदरच्या हातून पाय का टिकला नाही हे कोणीच विचारेना. सुवार्ताने प्रार्थनेत डोळे का उघडले, हेच जो तो विचारी. गायनाच्या सरावाला गेले तर मुली सरकून बसल्या. पाळकसाहेबांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, पण आत ये म्हणाले नाहीत.

सगळ्यात वाईट मार्था. मी तिच्या ओट्यावर गेले तर तिने पाय पदराखाली झाकावेत तसे ओढणीखाली झाकले.

“तू का उघडलेस डोळे?”

“तूच म्हणालीस, बघत राहा म्हणून.”

“मी घाबरले होते. तू तर शहाणी आहेस ना? भाषणात पहिली येतेस ना?” तिने ओढणी आणखी खाली ओढली. “माझा पाय आला होता, सुवार्ता. मी पाहिला. तू घालवलास. जा आता.”

मला भांडता येतं. भाषण करता येतं. पण मी ओट्यावरून उतरले. घरांच्या मागून लांबच्या रस्त्याने घरी गेले, म्हणजे कोणी भेटायला नको. नंतर दोन दिवस घरात एकटीच बसून राहिले. पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांसमोर येई. टाच, हात, स्कर्ट. स्कर्ट का सरकला?

पप्पा लोको शेडमधून येऊन खुर्चीत पेपर वाचत होते.

“पप्पा, पाय पुढे करा.”

“कशाला?”

“करा तर!”

मी त्यांची डावी बाजू मागे रेटली. डावा पाय आखूड! टाच हळूच ओढली, उजवी आत लोटली. पप्पा कमरेतून फिरले, डावा कुल्ला पुढे आला आणि डावा पाय दोन बोटं लांब!

“अगं, अगं, माझी पँट!” पप्पा ओरडले.

आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. “काय चाललंय?”

“आई, पप्पांचा पाय वाढला!”

“वाढलाच आहे तर तेवढा पंखा पुसायला सांग त्यांना.”

मी इतकी हसले की रडायलाच लागले. पाय वाढत नव्हताच. माणूस खुर्चीत तिरका बसला की एक टाच पुढे येते, सरळ केला की जागेवर जाते. डॉक्टरबाई मार्थाचा पाय मोजायच्या तेव्हा टाचांकडे बघायच्याच नाहीत. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावायच्या. का लावायच्या, ते आता कळलं.

रविवारी चर्च भरलं होतं. ब्रदर पुढच्या मानाच्या खुर्चीत. आमच्या उपासनेत एक वेळ साक्षीची असते. देवाने आयुष्यात काय केलं ते कोणीही उभं राहून सांगावं, त्याला कोणी अडवत नाही. मी उभी राहिले.

“मला साक्ष द्यायची आहे.”

कुजबूज झाली. पाळकसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

“पाळकसाहेब, तुम्ही या खुर्चीत बसाल? आणि सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा.”

ते बसले. मी गुडघे टेकले. मागे रेटलं, ओढलं, लोटलं. पाळकसाहेबांचा डावा बूट उजव्याच्या पुढे आला. “वाढला,” मी म्हणाले. उलटं केलं. “कमी झाला. अजून वाढवू?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कोणी. पितांबरभाऊ नाही हसले. ते पुढे येऊन वाकून बघत होते.

ब्रदर उभे राहिले. “ही सैतानाची नक्कल आहे!”

“मग अस्सल मोजू या ना, ब्रदर. मार्थाला आडवं झोपवू, आईने कपडे शिवायची टेप आणलीय. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत.”

“विश्वास टेपने मोजत नाहीत, मुली!”

“विश्वास नाही हो. पाय!”

तेवढ्यात मागून चवड्याचा आवाज आला. मार्था बाकांना धरत धरत पुढे येत होती. कोणी हात दिला तो तिने घेतला नाही. खुर्चीत बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझा कर.”

मला नको होतं. खरंच नको होतं. पण मी केलं. टाचा एका रेषेत आल्या. मार्थाने पुढे वाकून त्यांच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

“आता परत.”

मी सोडलं. ती खुर्चीत सरळ झाली आणि डावी टाच मागे गेली, होती तिथे.

“म्हणजे आलाच नव्हता,” मार्था म्हणाली. मग वळून, “आबा, माझा बूट काढून आणा.”

पितांबरभाऊ धावतच मांडवाकडे गेले. ब्रदर गिदोननी, एवढ्या अविश्वासू जागी आत्मा काम करत नाही, असं काहीतरी म्हणत पिशवी उचलली. निम्मी माणसं त्यांच्यामागे बाहेर पडली. पाळकसाहेब अजून खुर्चीतच होते. हळूच म्हणाले, “मला बाक भरलेले दिसले, सुवार्ता. त्यापुढचं मी पाहिलं नाही.”

शिरपूरला ऑपरेशन झालं. एसटीने तिच्याबरोबर पाळकसाहेब, पितांबरभाऊ आणि मी गेलो होतो. मी वॉर्डाच्या बाहेर बसून राहिले, कारण मार्थाने आत बोलावलं नाही. प्लास्टर निघालं. टाच जमिनीला टेकते आता. पाय मात्र दोन बोटं आखूडच आहे, तो तसाच राहणार. डॉक्टरांनी हे तिला तोंडावर सांगितलं, बुटाचा तळवा किती जाड हवा तेही सांगितलं.

ती आता आजीजवळ बसते. तरुण संघाच्या बाकावर मी एकटी असते. मला तिचा राग कळतो. थोडे दिवस का होईना, तिचे पाय सारखे झाले होते आणि ते मी सगळ्यांच्या देखत तिच्याकडून काढून घेतले. असं कोण विसरेल?

तरीही मी पुन्हा तेच करीन. प्रार्थना करा, मीही करते. पण कोणी म्हणालं की माझा चमत्कार बघू नका, मोजू नका, डॉक्टरांकडे जाऊ नका, तर तिथेच थांबा आणि टेप मागवा. खरं असेल ते टेपने कमी होत नाही. खोटं असेल तर त्याची किंमत ब्रदर भरत नाहीत, एखादी मार्था भरते, चवड्यावर चालून, जन्मभर.

परवा उपासना सुटल्यावर ती पायऱ्या उतरत होती. आजीने हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. पाऊल पूर्ण टेकवून उतरली, एकेक पायरी, शेवटपर्यंत. खाली गेल्यावर मागे वळून पाहील असं मला वाटलं होतं. तिने पाहिलं नाही. ती चालत गेली.