गाल लागल्याशिवाय डबा उघडायचा नाही

आमच्या सूनबाईला वागायची रीत म्हणून नाही. चाळीस वर्षं जी बाई गाल लावून भिंतींची ओल ओळखते, तिने "कोरडी आहे" म्हटल्यावर ही सगळ्यांदेखत पिशवीतून प्लॅस्टिकचा तुकडा काढते आणि गोड आवाजात म्हणते, "आई, उद्या सकाळपर्यंत हा चिकटवून ठेवू या का? आपली नुसती खात्री."

खात्री! माझ्या गालाची खात्री आता प्लॅस्टिक करणार.

आमचा धंदा रंगाचा. लोकांना वाटतं, रंगारी म्हणजे ब्रश फिरवणारा. ब्रश काय, माकडाच्या हातात दिला तरी फिरवेल. खरं काम त्याच्या आधीचं. जुने पोपडे खरवडायचे. लोणा फुटला असेल, म्हणजे भिंतीतून मिठासारखी पांढरी भुकटी वर आली असेल, तर ती कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुवायला गेलात तर ते मीठ विरघळून पुन्हा आत जातं. भेग दिसली तर आधी खरवडून मोठी करायची, मग भरायची. घासायचं, धूळ पुसायची, आणि शेवटी भिंतीच्या पोटात पाणी नाही ना, ते बघायचं. पोटात पाणी ठेवून वर कितीही भारी रंग द्या, महिन्याभरात फोड येतात. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पण भिंत मला वाचता येते. डोळे मिटायचे, गाल टेकवायचा. ओली भिंत गार लागते, कोरडी लागत नाही. आमचे हे होते तेव्हापासूनचा नियम आहे: माझा गाल लागल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे गेले. मुलाला भिंतींपेक्षा रस्ते आवडतात, तो ट्रकवर असतो. धंदा मी ओढला, आणि तीन वर्षांपासून सूनही हाताशी आली. हात चांगला आहे तिचा, खोटं कशाला बोलू. तोंडावर कधी बोलले नाही, एवढंच.

तर हे काम दातांच्या डॉक्टरचं. नवा दवाखाना, तीन खोल्या. सुनेने स्वतःच्या शब्दावर घेतलेलं पहिलं काम. इतकी वर्षं लोक मला बोलवायचे. या वेळी डॉक्टरने तिला बोलावलं. पण सांगून ठेवलं होतं, "सोमवारी दवाखाना उघडणार. रविवारपर्यंत जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा माणूस बघतो." दुसरा माणूस म्हणजे कोण, ते आम्हाला माहीत होतं. गल्लीच्या टोकाला एक जण आहे, त्याला आम्ही झटपट म्हणतो. तो पोपड्यांवर रंग मारतो, कोळ्याच्या जाळ्यावर मारतो, मध्ये पाल आली तर तिलाही दोन हात देतो. या वेळी हे काम झटपटकडे गेलं असतं, तर सुनेला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. ती तोंडाने काही म्हणत नव्हती, पण रोज जेवताना घास हातात धरून बसायची.

दोन खोल्या गुरुवारपर्यंत रंगासाठी तयार झाल्या. तिथला काँक्रीटचा खांब सुनेनेच पाहिला. त्यावर ओंजळभर पाणी मारलं, तर पाण्याचे मणी होऊन घरंगळले. म्हणजे खांब ओतताना साच्याला लावलेलं तेल अजून अंगावर होतं. तिने तो साबणाने दोनदा घासला, पुन्हा पाणी मारलं, तेव्हा कुठे खांबाने ते पिऊन टाकलं. मी लांबून बघत होते. बरोबर होतं सगळं, म्हणून गप्प बसले. चूक असती तर बोलले असते.

राहिली मागची खोली. तिची पश्चिमेची भिंत जुन्या विटांची. खाली गुडघाभर लोणा होता, तो झाडून झाला होता. शुक्रवारी दुपारी तीनला मी गाल लावला. भिंत कोमट, कोरडी.

"काढा डबा," मी म्हटलं.

आणि तेव्हा ते प्लॅस्टिक निघालं.

आमच्याकडे एक उंच माणूस आहे, त्याला उंट म्हणतात. शिडी न लावता छताला हात पोचतो. तो मला म्हणाला, "मावशी, चिकटवू दे की. प्लॅस्टिक काय खायला मागतं का?"

"तू गप रे. तुझी मान वर असते म्हणून अक्कलही वर असेल असं नाही."

सुनेने हातभर लांबीरुंदीचा चौकोन भिंतीला लावला, चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद केला. म्हणाली, "आत पाणी असेल तर उद्या प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दिसेल."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" असं म्हणून मी घरी गेले.

शनिवारी सगळ्यांच्या आधी मी दवाखान्यात पोचले. किल्ली माझ्याकडेच असते. मागच्या खोलीत गेले आणि बघते तर काय, भाताच्या भांड्यावरच्या झाकणासारखं ते प्लॅस्टिक आतून घामेजलेलं. थेंबच थेंब.

आता खरं सांगते. लाज वाटली नाही, राग आला. आधी प्लॅस्टिकचा, मग सुनेचा. आणि रागाच्या खाली भीती होती, ती मी तेव्हा मानली नाही. भिंत ओली ठरली तर सोमवार हुकणार, काम झटपटकडे जाणार, आणि पोरीचा शब्द पहिल्याच घासाला खडा लागल्यासारखा फुकट जाणार. माझा गाल खोटा पडणार, ते वेगळंच. मी इकडे तिकडे बघितलं. पट्टीचा एक कोपरा सोडवला, रुमाल आत घालून थेंब टिपले, भिंतही टिपली, आणि तिथेच राहिलेल्या सुनेच्या पिशवीतली नवी पट्टी कात्रीने कापून कोपरा बंद केला. एवढं सफाईने तर मी कधी भेग भरली नसेल.

थोड्या वेळाने सून आली, मागून उंट. सुनेने चौकोन पाहिला. बराच वेळ पाहिला.

"कोरडा आहे की," ती म्हणाली.

"मी काय म्हटलं होतं?"

"बरोबर आहे, आई. उंटदादा, डबा आणा." मग माझ्याकडे वळून अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "तेवढा गाल लावा. नियम तुमचाच आहे."

आता नियमाला नाही कसं म्हणणार? मी डोळे मिटले, गाल टेकवला. आणि काय! भिंत गार! विहिरीच्या काठासारखी गार. तेव्हा डोक्यात उजेड पडला. काल दुपारी तीनला बाहेरून ऊन याच भिंतीवर होतं. उन्हाने तापलेली भिंत ओली असली तरी कोमट लागणारच. चाळीस वर्षं मी सकाळी गाल लावत आले, आणि काल घाईत दुपारी लावला. भिंत खोटं बोलली नव्हती. मी तिला चुकीच्या वेळी विचारलं होतं.

उंट झाकणाखाली पटाशी घालून उभा. सून माझ्याकडे बघत होती. "कोरडी आहे" म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण तो गाल माझा होता, त्याला खोटं कसं पाडू?

"थांब रे," मी म्हटलं. "ओली आहे."

"पण प्लॅस्टिक तर..." उंट म्हणाला.

"प्लॅस्टिक मी पुसलं." मी कमरेला खोचलेला रुमाल काढून समोर धरला. अजून दमट होता.

उंटाने तोंड उघडलं ते मिटेना. सूनबाई मात्र हसली, आणि बोटाने वर दाखवलं. त्याच भिंतीवर, छताला लागून दुसरा चौकोन चिकटवलेला, आतून थेंबांनी भरलेला.

"काल तुम्ही गेल्यावर उंटदादांकडून लावून घेतला," ती म्हणाली. "जिथे तुमचा हात पोचत नाही तिथे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पट्टी नवी होती, आई. मी कालची पट्टी दाताने तोडली होती, ही कात्रीने कापलेली आहे."

"आणि मी कोरडी म्हटलं असतं तर?"

"तुमचा गाल खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "रुमालाचं मात्र काही सांगता येत नाही."

उंट तोंडावर हात ठेवून बाहेर पळाला, आणि धाडकन दारात डॉक्टरवर आदळला. डॉक्टर आत आला, डबा बंद पाहिला आणि घड्याळाकडे बघत म्हणाला, "अजून सुरुवात नाही? मग मी दुसऱ्या माणसाला फोन करू ना?"

सून पुढे झाली, "डॉक्टर, भिंतीत ओल आहे, तीन आठवडे तरी..." आणि तिचा आवाज बारीक झाला. तो आवाज मला सहन झाला नाही. मी पुढे गेले आणि माझाच जबडा उघडून बोट आत घातलं.

"डॉक्टर, ही दाढ कुणी भरली?"

"मीच भरली, आजी. जुन्या दवाखान्यात."

"किती खेपा घालायला लावल्यात?"

"तीन."

"का? पहिल्याच दिवशी वरून सिमेंट थापून द्यायचं होतं. झटपट झालं असतं."

"असं कसं? आत कीड असताना वरून भरलं तर..." आणि डॉक्टर थांबला. भिंतीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.

"तेच ती म्हणते आहे," मी म्हटलं. "आता बाहेर चला, कीड कुठे आहे ते दाखवते."

बाहेर त्या भिंतीला टेकून कमरेएवढा मातीचा ढीग, त्यात फुलझाडं. येता-जाता रोज दिसायचा, पण ओलीशी त्याची सांगड मला आत्ता लागली. मातीतून पाणी निथळत होतं.

"पाणी कोण घालतं?" सुनेने विचारलं.

डॉक्टरने कान खाजवला. "मीच. दोन वेळा."

माती हलवायची, भिंत सुकू द्यायची, आणि ती खोली तीन आठवड्यांनी रंगवायची, असं ठरलं. बाकीच्या दोन खोल्यांना उद्यापर्यंत रंग. डॉक्टर पुटपुटला, "सोमवारी लोक बिनरंगाची भिंत बघतील."

"दाढ ठणकत असताना भिंत कोण बघतं?" मी म्हटलं. तो हसला, सुनेला म्हणाला, "काम तुमचंच," आणि स्वतः फावडं शोधायला गेला.

आम्ही दोघी पुढच्या खोलीत आलो. तिने डबा माझ्यासमोर ठेवला आणि गालासाठी वाट बघत उभी राहिली. मी हात मागे बांधले.

"तुझं वागणं अजिबात चांगलं नाही," मी तिला म्हटलं. "सासूवर पाळत ठेवतेस, उंटाला फितवतेस, वर गोड बोलतेस. पण भिंत तुला कळते. आजपासून डबा कधी उघडायचा ते तू सांगायचंस. मी फक्त एवढंच सांगणार, की तू चुकीचं सांगते आहेस."