सात रविवारांचं पथ्य

समजावून सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असं संघमित्राचं स्वतःबद्दल मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक म्हणून तिला नऊ वर्षं झाली होती. गरोदर बायांचं रक्त तपासायचं, त्यात एचआयव्ही, गरमी म्हणजे सिफिलिस, किंवा हिपॅटायटिस बी यांतलं काही निघालं तर त्या बाईला धीर द्यायचा, औषध सुरू करायचं, आणि आईचा आजार बाळात जाऊ नये म्हणून बाळंतपण होऊन पुढे बाळाची तपासणी होईपर्यंत तिचा पिच्छा सोडायचा नाही, असं ते काम. आईकडून एकाही बाळाला यातला आजार जाऊ द्यायचा नाही, असं देशानं ठरवलं होतं, आणि त्यासाठी दिल्लीपासून गावापर्यंत याद्या, पोर्टलं आणि बैठका सुरू होत्या.

हिपॅटायटिस हा शब्द बायांच्या जिभेवर काही बसत नसे. म्हणून संघमित्रानं स्वतःच एक सोपी वाट काढली होती. ती म्हणायची, "काविळीचे जंतू आहेत तुझ्या रक्तात." लगेच समजायचं. समोरची बाई मान हलवायची आणि संघमित्राला मनातून बरं वाटायचं.

असोद्याच्या दिपमालालाही तिनं असंच सांगितलं होतं. दिपमाला बावीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे जाणारा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. रक्तात जंतूंचं प्रमाण जास्त होतं, म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावली. "गोळी एक दिवसही चुकवायची नाही," संघमित्रानं बजावलं, "आणि बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत त्याला दोन सुया. मग घाबरायचं कारण नाही." त्यातली एक लस सगळीकडे मिळायची. दुसरं इंजेक्शन महागाचं, यादीत नाव असेल तरच वरून येणारं. त्याची बाटली आली होती, आणि दिपमालाचं नाव लिहून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवली होती.

बाटली जागेवर होती, पण दिपमाला गायब झाली. दीड महिना गोळ्या न्यायला आली नाही. बाळंतपणाची दिलेली तारीख नऊ दिवसांवर आली, तसं संघमित्राला स्वस्थ बसवेना. तिनं जिल्ह्याच्या समन्वयकांना, किरण सरांना, फोन लावला.

"माहेरी गेली असेल," ते म्हणाले. "'स्थलांतरित' लिहून टाका. पुढच्या आठवड्यात दिल्लीचं पथक येतंय, आपला तक्ता स्वच्छ दिसला पाहिजे."

माहेर धुळ्याकडचं, एवढं कार्डावर लिहिलेलं होतं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नाजमीन हेच काम करायची. दोघींची ओळख एका प्रशिक्षणातली. संघमित्राचा फोन आल्यावर तिनं यादी वरून खाली वाचली आणि म्हणाली, "नाही गं, माझ्याकडे अशी कोणी नाही. नाव नाही, म्हणजे तिची बाटलीही आली नाही."

जळगावच्या यादीतून गेलेली आणि धुळ्याच्या यादीत न पोचलेली ती बाई मग होती कुठे? माणूस काही दोन तक्त्यांच्या मधल्या रेघेवर राहत नाही. शनिवारी दुपारी संघमित्रा असोद्याला जाऊन धडकली.

दिपमालाची सासू रुक्माबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं संघमित्राला पाणी दिलं, चहा टाकला आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, "कावीळ व्हती ना तिले, तुम्हीच तं सांगितलं. म्हनून तिच्या मायनं नेली. तिच्या माहेराले, आंबेखडकाले, माळवाले आबा आहेत, लई गुन त्यांच्या हाताले. पाच रविवार झाले. माळ पार बेंबीच्या खाली उतरली म्हने."

काविळीची माळ संघमित्रानं लहानपणी पाहिली होती. वेलीच्या देठांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफतात. आधी डोक्यावर जेमतेम बसणारी ती माळ दिवसागणिक लांबत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली.

"आणि गोळ्या?" तिनं विचारलं.

"पथ्यात गोळ्या कशा चालतीन, ताई? तेल नाई, हयद नाई, गोयी नाई, सुई नाई. सात रविवार. म्हनून तं सुईनीच्या हातानं घरीच बाळंतपन करनार हायेत."

संघमित्रानं चहाचा कप खाली ठेवला. कावीळ हा शब्द तिनंच दिला होता. त्या शब्दावर त्या माणसांनी जे केलं, ते शहाण्यासारखंच केलं होतं. कावीळ झाली की काय करायचं हे त्यांना तिच्या आधीपासून ठाऊक होतं. स्वतःच्या सोपं करून सांगण्याचा तिला इतका राग आला, की परतीच्या वाटेवर तिला रडूच फुटलं.

संध्याकाळच्या आत तिनं किरण सरांना गाठलं. बाटली दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याचं पत्र हवं होतं. ते पाच मिनिटं कुरकुरले, नियम सांगितले, आणि मग सही केली. "फुटली तर तुम्ही आणि मी दोघंही घरी बसू," एवढं मात्र म्हणाले.

रविवारी सकाळी निळा थंड डबा मांडीवर घेऊन संघमित्रा धुळ्याच्या एसटीत बसली. डब्यात बर्फाचे पॅक, मधोमध ती बाटली. एरंडोल, पारोळा, प्रत्येक थांब्यावर कोणीतरी विचारायचंच, "मासे आहेत का, ताई?" धुळ्याला उतरून तिनं साक्री रस्त्यावरची रिक्षा धरली आणि अकराच्या सुमारास ती आंबेखडकाला पोचली.

दिपमाला दारातच बसली होती. चेहरा सुकलेला, पोट खाली आलेलं, आणि पोटावर ती वाळकी माळ. संघमित्राला पाहून ती उठायला गेली, पण तिची आई ताईबाई मध्ये आली. बाई काही वाईट नव्हती. लेकीच्या काळजीनं तिनं स्वतःही पाच आठवडे हळदीचा पदार्थ तोंडात घातला नव्हता.

"उतरनी शे कावीळ," ती म्हणाली. "आते दोन रविवार राह्यनात. पथ्य मोडं ते उलटी चढस, बईन. मन्ही एकच आंडेर शे." एकुलत्या एका लेकीचा प्रश्न होता.

संघमित्रानं सगळं सांगून पाहिलं. ही ती डोळे पिवळे करणारी कावीळ नव्हे, हे जंतू रक्तात झोपून राहतात, जन्मताना बाळात शिरतात. ताईबाई ऐकत होती आणि मान नाही म्हणून हलवत होती. दिपमालानं कमरेच्या पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढलं. घामानं ते मऊ पडलं होतं, पण तिनं टाकलं नव्हतं.

"ताई, बाळाला होईल का?" तिनं हळूच विचारलं.

"सुया वेळेवर मिळाल्या तर बहुतेक नाही."

"आणि नाही मिळाल्या तर?"

"तर धोका मोठा आहे," संघमित्रा म्हणाली. दिपमाला खाली बसली आणि पदराला डोळे पुसू लागली. आईचा शब्द मोडायची तिच्यात हिंमत नव्हती, आणि पथ्य मोडायची तर दोघींतही नव्हती. घोडं तिथंच पेंड खात होतं. संघमित्रा डबा उचलून तडक आबांकडे निघाली, भांडायला.

अभिमन आबांची वस्ती पांझरेच्या काठी. पत्र्याच्या शेडखाली तीसेक माणसं रांगेत, बाहेर मोटारसायकली. पंचाहत्तरीचे आबा दोन बोटांनी भराभर गाठी मारत होते. संघमित्रा रांग ओलांडून थेट पुढे गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, तुमच्या पथ्यानं एका बाळाचं वाटोळं होणार आहे."

शेडमधली माणसं वळून बघू लागली. आबांनी हातातली गाठ पुरी केली. "रांग व्हई जाऊ दे, बईन," ते शांतपणे म्हणाले. "मंग बोलसूत."

ती तासभर डबा धरून बसली. मधूनमधून झाकणावर हात ठेवून गारवा बघायची. शेवटचा माणूस गेल्यावर आबा तिला घरात घेऊन गेले. भिंतीवर मिशीवाल्या तरण्या माणसाचा फोटो होता, त्याला हार घातलेला. तिनं आता पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी रागानं नाही, कारण म्हातारा रागाला जागाच देत नव्हता. ते मध्येच एकदा थांबवून म्हणाले, "मायना पोटमाईन पोरले जास का हाई?"

"जन्मताना जातं, आबा. मग तीस-तीस वर्षं काही कळत नाही. पुढे लिव्हर सुजतं, पोटात पाणी होतं."

आबांनी फोटोवरचा हार सारखा केला.

"मन्ही घरवाली पोटमा पाणी व्हईसन गई," ते म्हणाले. "हाऊ मन्हा कुंदन. छत्तीसना व्हता. त्याले बी तेच व्हयनं. चौदा माळा बांध्यात मी त्याले. चौदाच्या चौदा, बठ्ठ्या उतरन्यात. गुडघापावत उतरन्यात." त्यांनी हात पुढे केले, वेलीच्या रसानं काळे पडलेले. "माले वाटनं, मन्हाच हातमा खोट शे."

भांडायला आलेल्या संघमित्राचे डोळे भरून आले. "हाताची खोट नव्हती, आबा," ती म्हणाली. "तो जन्मला तेव्हा हे औषधच आपल्याकडे आलेलं नव्हतं."

"माळ ते बठ्ठास्नी उतरस, बरा व्हस त्यानी बी, मरस त्यानी बी," आबा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "देठ सुकस, दोरा ढिला पडस. माले म्हाईत शे ते." मग त्यांनी खुंटीवरची टोपी घातली. "चाल. कोनी आंडेर शे ती?"

माळवाले आबा स्वतः दारी आलेले पाहून ताईबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि पाट मांडला. आबा पाटावर बसले नाहीत. त्यांनी दिपमालाला पुढे बोलावलं, मान वाकवायला सांगितली, आणि आपल्याच हातांनी तिची माळ काढून घेतली.

"आबा, दोन रविवार बाकी शेतस," ताईबाई घाबरून म्हणाली.

"पथ्य मी लायेल व्हतं, मीच सोडस," आबा म्हणाले. "माळ मायनी व्हती, ताईबाई. बाळनी नही. बाळनं औसद हाई बाईना डबामा शे. दवाखानामा ली जाय तिले. सुई बी ल्या, गोळ्या बी ल्या. काही व्हयनं ते मन्हा नाववर."

ताईबाई त्यांच्या पायाशी वाकली. उठली ती थेट लेकीची पिशवी भरायला लागली.

रिक्षात दिपमाला संघमित्राला चिकटून बसली होती. धुळं येईपर्यंत ती एकदाच बोलली, "ताई, मला दूध पाजता येईल ना त्याला?"

"पाज. अगदी पहिल्या तासापासून."

रविवार असूनही नाजमीन दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत उभी होती. तिनं डबा उघडला, पॅक अजून घट्ट होते. बाटली फ्रीजमध्ये ठेवली, दिपमालाला भरती करून घेतलं, गोळी सुरू केली आणि आपल्या यादीत तिचं नाव लिहिलं. संघमित्राचा जीव भांड्यात पडला, आणि सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे तिला तेव्हा आठवलं. नाजमीननं घरून आणलेला डबा दोघींनी तिथंच बाकावर बसून संपवला.

मंगळवारी सकाळी दिपमालाला मुलगी झाली. तासाभरात पोरीच्या दोन्ही मांड्यांना दोन सुया टोचून झाल्या होत्या. "रडली बघ, काय आवाज आहे," नाजमीन फोनवर म्हणाली आणि फोन बाळाजवळ धरला.

त्याच आठवड्यात दिल्लीचं पथक येऊन गेलं. तक्त्यात 'रुग्ण कोणामार्फत मिळाला' असा एक रकाना होता. संघमित्रानं तिथं लिहिलं, 'काविळीची माळ देणारे आबा'. किरण सरांनी ते खोडून 'समाजातील घटक' असं केलं. तिनं वाद घातला नाही; तिला वाद त्याहून मोठ्या गोष्टीचा घालायचा होता. आपली बाई दुसऱ्या जिल्ह्यात निघाली की तिच्या आधी तिथं फोन गेलाच पाहिजे, हे तिनं त्याच बैठकीत मंजूर करून घेतलं. आणि काविळीचे जंतू म्हणणं त्या दिवसापासून सोडलं. आता ती हिपॅटायटिसच म्हणते, बाया दोनदा विचारतात, ती चारदा सांगते.

पोरीला वर्ष भरायला आलं, तेव्हा शेवटची रक्ततपासणी झाली. अहवाल रविवारी सकाळी नाजमीननं फोनवर पाठवला. पोरीच्या रक्तात काही नव्हतं. संघमित्रानं तो दोनदा वाचला. दिपमालाला सांगितलं, तिचं रडणं ऐकून घेतलं, आणि मग आंबेखडकाला फोन लावला.

मागे रांगेचा गलका होता. "पोरगी चांगली आहे, आबा," ती ओरडून म्हणाली. "आजार शिरला नाही तिच्यात."

आबांनी रांगेला गप्प केलेलं तिला ऐकू आलं. मागचा गलका थांबला.

"छत्तीस वरीस जगना मन्हा कुंदन," आबा म्हणाले. "हाई पोर म्हातारी व्हई."

"होईल, आबा."

"बरं, आयक बईन. मन्हा समोर दोन जीवानी एक पोर बशेल शे. डोळा पिवळा शेतस तिना. माळ दिधी नही मी." त्यांनी घसा साफ केला. "तिनं रगत कथं, कोनता दवाखानामा तपासतस, तेवढं सांग."

संघमित्रानं यादीची वही पुढे ओढली आणि तिचं नाव विचारलं.