सहा सेकंदांची फरफट

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे आणि उत्कृष्ट आवाजाचं सुवर्णपदक मला मिळालेलं आहे. म्हणजे मला नाही, ते दुसऱ्यानंच घेतलं. आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

माझा जन्म मोच्याच्या टपरीवर झाला. तळ ट्रकच्या टायरचा, पट्टा कुणाच्या तरी प्रवासी बॅगेचा. उजवी बहीण आहे, पण ती बोलत नाही, कारण तिचे सगळे खिळे जागेवर आहेत. माझा अंगठ्याजवळचा खिळा पहिल्याच महिन्यात निघाला. तेव्हापासून पाऊल पडलं की मी 'फट्' म्हणते आणि उचललं की 'फर्र'. मोच्याचं दोन मिनिटांचं काम होतं. ते कुणी केलं नाही, म्हणून मी कलावंत झाले.

माझा पहिला मालक हमाल होता. चालायला वाऱ्यासारखा. एकदा तो पाठीवर कपाट घेऊन स्टुडिओचा जिना चढत होता आणि वर दिग्दर्शक साहेब डोळे मिटून बसले होते. फट् फर्र, फट् फर्र. साहेब तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "ऐका. गरिबी येते आहे." कपाट खाली ठेवताच त्यांनी आम्हा दोघी बहिणींना हमालाच्या पायांतून उतरवून घेतलं. तो अनवाणी परत गेला. जिना चढताना तो एक गाणं गुणगुणत होता, ते मात्र कुणाला नको होतं.

मित्रांनो, चित्रपटात पावलं वाजतात ती नटाची नसतात. ती मागाहून एका बंद खोलीत वाजवतात. समोर पडद्यावर चित्र चालतं, आणि खाली फरशी, लाकडी फळी, वाळू आणि चिखल अशा चार पेट्या असतात. त्या पेट्यांत पडद्यावरच्या माणसाबरोबर चालणारी बाई म्हणजे आमच्या पाऊलताई. शेजारच्या काचेमागे आवाज टिपणारे काका. मी भिंतीवरच्या फळीवर, चामडी बुटांच्या शेजारी. बूट माझ्याशी बोलत नसत. ते न्यायाधीशांचे होते.

फळीवरून मला पडदा नीट दिसे, त्यामुळे आमच्या धंद्याचा नियम मला लवकर समजला. आमच्या गावात माणसं दोनच प्रकारची, टेकडीवरची आणि कालव्यापलीकडची. टेकडीवरचा माणूस आला की कॅमेरा त्याच्या गुडघ्याशी बसतो, मग तो माणूस पाण्याच्या टाकीएवढा दिसतो. बूट स्वच्छ वाजतात. बशीत कप ठेवला तरी ऐकू येतो. कालव्यापलीकडचा आला की कॅमेरा छतावर पालीसारखा चिकटतो आणि थरथरतो. खालच्या माणसाचा अर्धा चेहरा काळोखात असतो. मग मी वाजते, एक माशी घोंगावते आणि एक बाळ रडतं. बाळ कायम तेच. काकांनी त्याला फार वर्षांपूर्वी टिपलं होतं. ते आता विमा कंपनीत साहेब आहे आणि अजून प्रत्येक चित्रपटात कालव्याकाठी रडतं.

कालव्यापलीकडची माणसं बोलू लागली की त्यांचं बोलणं खाली ओढतात आणि वर गलका टाकतात. गलका म्हणजे काका आणि चहावाला माईकसमोर "काय काय, कुठं कुठं" म्हणत बसतात. टेकडीवर वाक्यं असतात, मित्रांनो. खाली गलका असतो.

मी तीनशेच्या वर भूमिका केल्या. चोर, दारुडे, चोराला लपवणारी म्हातारी, दारुड्याचा चोर भाऊ. एकदा भूतसुद्धा केलं. भुताला पाय नसतात, पण ते भूत कालव्यापलीकडचं असल्यामुळे मला वाजावं लागलं. साहेब मला 'सोन्याची चप्पल' म्हणत. माझा निघालेला खिळा कुणी बसवायचा नाही, अशी पाटी लावली होती.

आता खरी गोष्ट. पाऊलताई स्वतः कालव्यापलीकडच्या. त्यांची आई टेकडीवरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. तीस वर्षं बाळांच्या खोलीत. दवाखान्यानं दिलेले मऊ कापडी बूट घालून ती अशी चाले की ऐकणाऱ्याला वाऱ्यालाच दम द्यावासा वाटे, जरा हळू म्हणून. "माझ्या पावलानं आजवर एक बाळ उठलेलं नाही," एवढी एकच बढाई तिच्याजवळ होती आणि ती खरी होती.

साहेबांनी खऱ्या वस्तीत जाऊन चित्रपट काढायचं ठरवलं. ताईंनी मोठ्या हौसेनं सांगितलं, माझ्या आईला घ्या. आईनं पांढऱ्या साडीला कडक इस्त्री केली, कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मी बाळांच्या खोलीत असते." मग कामावर निघाली. महिन्याभरानं ते चित्र आमच्या खोलीत आलं. हसणं कापलेलं. वाक्यावर गलका. उरली सहा सेकंदांची चाल, छतावरून घेतलेली. साडी पांढरी होती ती धुरकट केलेली.

"चप्पल घाला," साहेब म्हणाले.

ताई मला घालून चिखलाच्या पेटीत उभ्या राहिल्या. आई पडद्यावर चालू लागली, ताई तिच्याबरोबर चालल्या. अशा अलगद चालल्या की मी, जिनं भुताचे पाय वाजवले, ती मीसुद्धा गप्प राहिले.

"काही आलं नाही," काचेमागून काका म्हणाले.

"साहेब, ती माझी आई आहे," ताई म्हणाल्या. "ती अशीच चालते. आवाज येत नाही."

"येत नसेल. पण मग प्रेक्षकाला कळणार कसं, ती कुठली?"

"चेहऱ्यावरून कळेल ना."

"चेहरा कुठं दाखवलाय आपण?" साहेब खरोखर गोंधळले होते. "हे बघा, तुम्हाला जिवावर येत असेल तर चहावाला वाजवेल. त्याचे पाय काय, पायच आहेत."

ताईंनी काकांकडे पाहिलं. काका यंत्राचं बटण पुसत होते. ते बटण आधीच स्वच्छ होतं. सातव्या वेळी ताईंनी पाय ओढला. फट् फर्र, फट् फर्र, सहा सेकंद. मी आयुष्यात इतकी सुंदर वाजले नव्हते.

चित्रपटाला आवाजाचं सुवर्णपदक मिळालं. साहेबांनी ते स्वीकारताना डोळे पुसले आणि म्हणाले, या पावलांत एका अख्ख्या समाजाचं दुःख आहे. समाज, ताईंच्या आईसकट, चौदाव्या रांगेत बसला होता. त्याला टाळ्या वाजवायला सांगितलं होतं.

पदक मिळाल्यावर माझी गरज संपली. काकांनी मला कायमचं टिपून घेतलं होतं. आता कालव्यापलीकडचं कुणीही चालू लागलं की एक बटण दाबायचं. ताईंनाही आठवड्यातून दोनच दिवस बोलावू लागले. आम्हा बहिणींना कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ताईंनी आम्हाला उचललं, कालव्यात फेकायचं म्हणून पिशवीत घातलं, कालव्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग घरी नेऊन खाटेखाली ढकललं.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती.

"चित्रपटात ते माझे पाय कुणी वाजवले गं?" तिनं विचारलं.

"मशीन असतं, आई."

"बघ बाई. मशीनला काय ठाऊक मी कुठली ते."

ताईंनी भाजीचं ताट आपल्याकडे ओढलं. मी खाटेखाली होते, आणि मला बोलायचं म्हणजे पाय लागतो.

चित्रपट टेकडीवर फार चालला. पंधरवड्यात दवाखान्यात पहिली तक्रार आली. खोली नंबर दोनच्या बाईंनी लिहिलं, आया पाय घासत येते, बाळ दचकतं. मग नंबर पाचच्या बाईंनी. आईनं बुटांत एकावर एक दोन मोजे चढवले. तिसरी तक्रार आली. आई घरात खाटेपासून दारापर्यंत चालून दाखवी आणि ताईंना विचारी, "येतो का गं आवाज?" ताई म्हणत, नाही येत. आई म्हणे, "तुला सवय झाली असेल." चौथी तक्रार आली त्या दिवशी आई रजेवर होती. मोठ्या नर्सबाईंनी ती तक्रारही फाइलला लावली, आणि शेरा मारला की रजेवर असूनही आवाजात फरक नाही.

आईला तळघरात चादरी धुवायला पाठवलं. बाळांच्या खोलीचे कापडी बूट जमा करून घेतले, सही घेतली. तळघरात कायम ओलं. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेखाली हात घातला.

"या कुणाच्या? टायरचा तळ आहे, घसरणार नाही."

"त्या घालू नकोस."

"का?"

ताईंच्या तोंडाशी शब्द आले होते, मित्रांनो, मी पाहिले. मग त्या म्हणाल्या, "जुन्या आहेत."

"मी कुठं नवी आहे?" आई हसली आणि आम्हाला पायांत घालून निघाली.

तक्रारींच्या भीतीनं तिनं मला आवाज करू दिला नाही. पुलापर्यंत ती बोटांवर चालली, टेकडीच्या अर्ध्यावर तिच्या पोटऱ्या भरून आल्या. दवाखान्याच्या फरशीवर तिनं पाऊल टेकवलं आणि मी माझं काम केलं. फट् फर्र. आई थांबली. खाली माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. पडद्यावरचा आवाज ती विसरलेली नव्हती. ही चप्पल घरात कुणी आणली तेही तिला आठवलं असावं. मोठ्या नर्सबाईंनी दार उघडून बाहेर पाहिलं आणि आत कुणाला तरी समाधानानं म्हणाल्या, "बघा. मी म्हणत नव्हते?"

आई तळघरात गेली. संध्याकाळी घरी आली, आम्हाला दाराशी नीट जोडून ठेवलं आणि ताईंना म्हणाली, "छान वाजवलंस."  आता ती अनवाणी चालते, आणि पाय ओढते.

मित्रांनो, चपलांची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. त्याऐवजी संबंधित खात्यास पुढीलप्रमाणे कळवते.

अर्जदार चप्पल (डावी) विनंती करते की, सदर चित्रपटातील सहा सेकंदांचा आवाज ज्या ज्या प्रेक्षकांनी ऐकला आहे, त्यांनी तो पंधरा दिवसांच्या आत जवळच्या चित्रपटगृहात जमा करून रीतसर पोच घ्यावी. आवाज फाटलेला किंवा अर्धवट विसरलेला असल्यास तोही स्वीकारावा. मुदतीनंतर ज्यांच्या कानांत तो आढळेल, त्यांना बाळांच्या खोलीत प्रवेश देऊ नये. कळावे.